ब्लॅक स्टुडंट्स युनियनला ‘आणखी एक क्लब’ समजू नका: अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्यांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारे मराठी विद्यार्थी आणि तिथल्या भारतीय विद्यार्थी संघटनांचे मराठी पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

सत्र सुरू झालं की तुमच्या विद्यापीठात विद्यार्थी संघटनांचा मेळा भरतो. तुम्ही दिवाळीच्या कार्यक्रमाची पत्रकं वाटत असता आणि थोड्याच अंतरावर ब्लॅक स्टुडंट्स युनियनचा फलक लागलेला असतो. तो पाहून आपल्या मुलामुलींत दोन वाक्यं हमखास बोलली जातात. ‘यांना वेगळी संघटना कशाला हवी?’ हे एक. ‘आपल्यासारखाच यांचाही कल्चरल क्लब असणार’ हे दुसरं. पहिल्यात आकस आहे, दुसऱ्यात नाही, पण गैरसमज दोन्हींत तोच आहे. प्रवेश कुणाला मिळणार, वर्गात शिकवणार कोण, शिकवणार काय आणि पैसा कुणाच्या सहीने सुटणार, या प्रश्नांवर ही संघटना उभी राहिली. आज काही राज्यांत तिची खोली, तिचा सल्लागार आणि तिचा निधी काढून घेतला जातो आहे. अशा वेळी तिचा इतिहास तुम्हाला तपशिलात ठाऊक असायला हवा.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९०४-०५ साली शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. त्यांच्या मागून आलेल्यांनी आधी अभ्यासमंडळ काढलं आणि डिसेंबर १९०६ मध्ये त्यातून अल्फा फाय अल्फा ही संघटना झाली. शिकायला आलेला मुलगा शेवटपर्यंत टिकावा, हा तिचा पहिला हेतू. पण विद्यापीठाच्या कारभारातच हात घालणारी, ब्लॅक स्टुडंट्स युनियन हे नाव घेतलेली पहिली संघटना झाली ती १९६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात. आजची सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच.

ती तिथेच का झाली, याचं उत्तर प्रवेशाच्या नियमांत आहे. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा मंजूर केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतला गुणवत्तेने वरचा आठवा हिस्सा कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरचा एक तृतीयांश हिस्सा राज्य महाविद्यालयांत आणि उरलेले दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांत, अशी ती वाटणी होती. राज्य महाविद्यालयांचं दार पूर्वी याहून बरंच मोठं होतं. आराखड्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. परिणाम मात्र वर्णाप्रमाणेच झाला, कारण कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळांतून वरच्या तृतीयांशात पोचणारी मुलं मुळातच थोडी होती. त्यात पुढे प्रमाणित चाचण्यांची भर पडली. दशक संपत आलं तेव्हा सॅन फ्रान्सिस्को स्टेटमधलं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आलं होतं. ‘नियम सगळ्यांना सारखाच आहे’ हे वाक्य आपणही कितीदा ऐकलं आहे! सारखा नियम असमान जमिनीवर कसा चालतो, ते पाहायचं तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

कॉलेजात आधीपासून निग्रो स्टुडंट्स असोसिएशन होती. तिचंच रूपांतर ब्लॅक स्टुडंट्स युनियनमध्ये झालं. मेरियाना वॉडी पहिल्या अध्यक्ष. दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यात तयार झालेला जिमी गॅरेट आणि त्याच्याबरोबर जेरी व्हार्नाडो यांनी संघटनेचा पाया घातला. पहिली दोन वर्षं या मंडळींनी कुठे ताकद लावली, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. विद्यार्थ्यांच्याच शुल्कातून चालणारे कार्यक्रम त्या कॉलेजात होते. एक शहरातल्या गरीब वस्त्यांत जाऊन मुलांना शिकवण्याचा, दुसरा वस्तीतल्या कामाचा आणि तिसरा ‘एक्सपेरिमेंटल कॉलेज’, म्हणजे विद्यार्थ्यांनीच आखलेले अभ्यासक्रम. युनियनचे लोक या कामांत शिरले. एक्सपेरिमेंटल कॉलेजात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे आणि कलेचे वर्ग सुरू झाले. १९६७ च्या वसंत सत्रात अमिरी बराका आणि सोनिया सँचेझ यांच्यासारखे कवी तिथे शिकवायला आले.

अडचण पुढे आली. हे वर्ग वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले होते. शिकवणारे बहुतेक अर्धवेळ. त्यांचं पद कुणाच्याच अंदाजपत्रकात कायम नव्हतं, त्यामुळे एखाद्या विभागप्रमुखाचं मन फिरलं की वर्ग बंद. त्यातून पदवी तर मिळतच नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्ये समाजशास्त्रज्ञ डॉ. नेथन हेअर यांना ब्लॅक स्टडीजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या आणि समाजाच्या अभ्यासाचा, कार्यक्रम आखायला आणलं गेलं. त्यांनी एप्रिलपर्यंत आराखडा दिला. सप्टेंबरमध्ये विभाग जाहीरही झाला, पण शिकवण्याची पदं जवळपास नाहीतच. पाटी लागली आणि माणसं नाहीत, हा प्रकार आपल्याकडच्या विद्यापीठांतही नवा नाही.

ठिणगी पडली ती जॉर्ज मरे यांच्या निलंबनाने. मरे इंग्रजी शिकवत आणि ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या क्रांतिकारी पक्षाचे शिक्षणमंत्री होते. राज्य महाविद्यालयांच्या कुलपतींच्या आदेशावरून १ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांना निलंबित केलं गेलं आणि ६ नोव्हेंबरला संप सुरू झाला. युनियनच्या दहा मागण्या होत्या. लॅटिनो, चिनी, फिलिपिनो आणि इतर आशियाई विद्यार्थ्यांच्या संघटनांसह उभ्या राहिलेल्या थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटने त्यांत पाच मागण्यांची भर घातली.

या दहा मागण्या संघटना चालवणाऱ्या प्रत्येकाने ओळीने वाचाव्यात असं आम्हाला कळकळीने वाटतं. त्यांत ‘सन्मान द्या’, ‘दखल घ्या’ असल्या मोघम भाषेला जागाच नाही. विखुरलेले सगळे वर्ग एका विभागात आणा आणि शिकवणाऱ्यांना पूर्णवेळ पगार द्या. विभागाला वीस पूर्णवेळ पदं द्या. विभागाला पदवी देण्याचा अधिकार हवा, आणि नेमणुकांचा अधिकार विभागाकडेच हवा. हेअर यांना पूर्ण प्राध्यापकपद द्या. शरद सत्रात रिकाम्या राहिलेल्या विशेष प्रवेशाच्या जागा वसंत सत्रात भरा. आर्थिक मदतीच्या कार्यालयाचा प्रमुख बदला. संपात भाग घेतला म्हणून कुणावरही कारवाई नको. विश्वस्त मंडळाला कृष्णवर्णीयांचे कार्यक्रम बरखास्त करता येऊ नयेत.

यातल्या दोन मागण्या एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत ते बघा. प्रवेशाच्या सामान्य अटीत न बसणाऱ्या थोड्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेने घ्यायची मुभा महाविद्यालयांना होती. तरी त्या जागा रिकाम्या राहत, कारण प्रवेश मिळालेल्या मुलाकडे राहण्या-जेवण्याचे पैसे नसत आणि मदतीची तरतूद तोकडी. म्हणून जागांच्या मागणीसोबत मदत-कार्यालयाची मागणी आली. एकटी पहिली मान्य झाली असती तर जागा पुन्हा रिकाम्याच राहिल्या असत्या. आपल्याकडे राखीव जागा आणि वेळेवर न येणारी शिष्यवृत्ती यांचं जे नातं आहे, तेच हे. वर शेवटी सांगितलेल्या दोन मागण्या विजयानंतरच्या दिवसांसाठी होत्या. मिळालेलं टिकवायचं तर लढणाऱ्याला काढून टाकता येऊ नये आणि विभाग मागच्या दाराने बंद करता येऊ नये, हे त्यांनी संप सुरू होण्याआधीच ओळखलं होतं.

संप साडेचार महिने चालला. सुरुवातीला लहान लहान गट वर्गांत जाऊन मागण्या समजावत, वर्ग थांबवत आणि पोलीस यायच्या आत पांगत. १३ नोव्हेंबरला पोलिसांशी झटापट झाली आणि कॉलेज बंद ठेवावं लागलं. महिन्याच्या अखेरीस कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट स्मिथ यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले एस. आय. हायाकावा यांनी २ डिसेंबरला संपकऱ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या ट्रकवर चढून तारा उपटल्या आणि देशभर प्रसिद्ध झाले. गव्हर्नर रोनाल्ड रीगन त्यांच्या पाठीशी होते. पण डिसेंबरमध्येच शहरातले कृष्णवर्णीय पुढारी, धर्मगुरू आणि पत्रकार विद्यार्थ्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले, आणि ६ जानेवारी १९६९ रोजी प्राध्यापकांच्या संघटनेनेही संप पुकारला. २३ जानेवारीच्या सभेत पोलिसांनी एकाच वेळी चारशेहून अधिक जणांना अटक केली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तडजोड झाली.

मिळालं काय? १९६९ च्या शरद सत्रात स्कूल ऑफ एथ्निक स्टडीज सुरू झालं. कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाबरोबर आशियाई-अमेरिकन, लॅटिनो आणि मूळनिवासी अमेरिकनांचा अभ्यास तिथे आला. विशेष प्रवेश वाढले आणि त्याच वर्षी राज्याने वंचित विद्यार्थ्यांसाठी प्रवेश, मदत आणि मार्गदर्शन एकत्र देणाऱ्या कार्यक्रमाचा कायदा केला. काही वर्षांत देशभरातल्या शेकडो महाविद्यालयांत ब्लॅक स्टडीजचे वर्ग उभे राहिले. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून राज्य विद्यापीठाच्या पदवीसाठी एथ्निक स्टडीजचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला, त्याचं मूळ या संपात आहे. तुमच्यापैकी कुणी दक्षिण आशियाई स्थलांतराचा इतिहास म्हणून जो वर्ग घेता, त्याचंही.

हुकलं काय, तेही लपवण्यात अर्थ नाही. वीस पदं मिळाली नाहीत, त्याहून कमी मिळाली. हेअर आणि मरे परत आले नाहीत. हेअर यांनी त्याच वर्षी ‘द ब्लॅक स्कॉलर’ हे नियतकालिक काढायला हातभार लावला. कारवाई नको ही मागणी पुरती मान्य झाली नाही. शेकडो विद्यार्थी महिनोन्महिने कोर्टाच्या फेऱ्या करत राहिले, काही तुरुंगात गेले. जे कार्यकर्ते विभाग चालवायला हवे होते तेच असे अडकून पडले, आणि नेमणुकांवरून प्रशासनाशी ओढाताण सुरूच राहिली. स्वतःच्या हातून झालेलं नुकसानही मोठं होतं. नोव्हेंबर १९६७ मध्ये युनियनच्या काही सदस्यांनी कॉलेजच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात घुसून संपादकाला मारहाण केली. त्यानंतर युनियनचं म्हणणं ऐकण्याआधी लोक त्या मारहाणीबद्दल विचारू लागले. मार्च १९६९ मध्ये तडजोड दृष्टिपथात असताना एका विद्यार्थ्याच्या हातात बॉम्ब फुटला आणि त्याच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. संघटनेचा हेतू कितीही न्याय्य असो, शिस्त सुटली की किंमत सर्वांत आधी तिच्याच पोरांना मोजावी लागते.

तुमच्यात अभियंते जास्त, म्हणून पर्ड्यू विद्यापीठाचंही थोडक्यात सांगतो. तिथे अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ऐंशी टक्के पहिल्या वर्षातच गळत, असं नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स स्वतःच्या इतिहासात नोंदवते. १९७१ मध्ये पदवीच्या दोन विद्यार्थ्यांनी या गळतीवर काम करायला संघटना काढली. एप्रिल १९७५ मध्ये ३२ महाविद्यालयांतले ४८ विद्यार्थी पर्ड्यूत जमले आणि ती राष्ट्रीय झाली. तुमच्या विभागात हिची शाखा बहुधा असेल. तिच्या अभ्यासगटांत बसायला आणि शिकवायला माणसं नेहमीच हवी असतात.

आता आपला संबंध. अमेरिकेत १९४६ पासून भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. तो मोडला १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा संमत होण्यासारखं वातावरण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने तयार केलं होतं. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांवर गेले. ही वाट कुणाच्या डोक्यावरच्या काठ्यांनी मोकळी झाली, ते आपल्या घरांत क्वचितच सांगितलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र हे नातं पुरेपूर ठाऊक होतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या पँथरांकडे पाहूनच. आणि ज्या राज्य विद्यापीठव्यवस्थेत हा संप झाला, तिनेच जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश जाहीर केला. विद्यार्थी संघटनेच्या ठरावातून, वाटाघाटींतून धोरण बदलण्याची जी रीत तिथे रुळली होती, तिचा उपयोग आपल्यातल्याच दलित विद्यार्थ्यांना झाला.

आज काय चाललं आहे ते नेमकं समजून घ्या. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४, युटामध्ये १ जुलै २०२४ आणि अलाबामामध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून सार्वजनिक विद्यापीठांतल्या विविधता-कार्यक्रमांवर (‘डीईआय’, म्हणजे विविधता, समता आणि समावेश) बंदी घालणारे कायदे लागू आहेत. यांत विद्यार्थी संघटनेवर थेट बंदी नाही. टेक्सासच्या कायद्यात तर संघटनांना सूट आहे. तरीही ऑस्टिनच्या विद्यापीठात अशा संघटनांना आसरा देणारं केंद्र बंद झालं, युटा विद्यापीठातलं ब्लॅक कल्चरल सेंटर बंद झालं आणि तिथल्या युनियनने अधिकृत दर्जाच सोडून दिला, अलाबामा विद्यापीठात युनियनची खोली गेली. संघटना कागदावर शाबूत राहते आणि जे तिला चालवतं ते निघून जातं. खोली गेली की दोन वर्गांच्या मधल्या सुट्टीत भेटण्याची जागा जाते. तिथेच पहिल्या वर्षाच्या मुलीला कळत असतं की कोणता मदतीचा अर्ज कधी भरायचा आणि कोणत्या प्राध्यापकाकडे जायचं. पगारी सल्लागार गेला की खोल्यांची आरक्षणं, खर्चाच्या सह्या, पाहुण्यांचे करार हे सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर येतं, आणि एखादा फॉर्म चुकला की वार्षिक नोंदणीच अडकते.

दुसरा धोका आतला आहे. दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात. मे महिन्यात पदाधिकारी पदवी घेऊन निघून जातात, पासवर्ड आणि हिशेब त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहतात, आणि सप्टेंबरमध्ये नवी मंडळी शून्यापासून सुरू करतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या ग्रंथालयात त्या संपाची पत्रकं, निवेदनं, छायाचित्रं जपलेली आहेत, म्हणून आज त्या दहा मागण्या शब्दशः वाचता येतात. बहुतेक विद्यापीठांत असं काही जपलेलं नाही.

तर तुमच्याकडून काय हवं? विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मोर्चा, अटक यांची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. आम्ही सांगतो आहोत ती कामं मतदानाची, हिशेबाची आणि उठबसीची आहेत.

युनियनची सर्वसाधारण सभा बहुतेक ठिकाणी कुणालाही खुली असते. तिथे दोघं-तिघं जा, मागे बसा, ऐका. पहिल्याच दिवशी जातीव्यवस्थेवर भाषण देऊ नका. फेब्रुवारीत, त्यांच्या इतिहासमहिन्यात, ऐन वेळी ‘आपण मिळून एक डान्स करू’ असा प्रस्ताव घेऊन जाणं टाळा. त्या महिन्यात त्यांच्याकडे सगळेच येतात आणि मार्चमध्ये कुणी नसतं. सहप्रायोजक व्हायचं तर पैसे आणि माणसं द्या, कार्यक्रम त्यांचा राहू द्या. तुमच्या नावावर मोठा हॉल सत्रभर आरक्षित असेल आणि त्यांची खोली गेली असेल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्यासाठी सोडता येते का ते विद्यापीठाच्या नियमांत बसवून पाहा. त्यांची जुनी इतिवृत्तं आणि पत्रकं स्कॅन करून विद्यापीठाच्या अभिलेखागारात पोचवायला ते तयार असतील तर हात द्या. संगणकाचं काम तुम्हाला सहज जमतं.

आणि आपल्या घरात, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘त्या वस्तीत घर घेऊ नका’ म्हणून जे इशारे फिरतात, काळ्या माणसांवरचे जे विनोद फिरतात, ते तिथल्या तिथे अडवा. नव्याने आलेल्या मुलाची पहिली समजूत त्या ग्रुपवरच तयार होते. टेबलाशी कितीही गोड बोललात तरी ती आतली भाषा समोरच्याला जाणवते.

सगळ्यांत महत्त्वाचं काम अंदाजपत्रकाचं. तुमच्या शुल्कातला एक भाग विद्यार्थी शासनाकडे जातो आणि तिथले निवडून आलेले प्रतिनिधी तो संघटनांना वाटतात. सुनावणी बहुतेक विद्यापीठांत वसंत सत्रात असते आणि श्रोत्यांची बाकं रिकामी असतात. भारतीय विद्यार्थी मतदान फारसं करत नाहीत आणि उमेदवार म्हणून त्याहूनही कमी उभे राहतात. काही विभागांत मात्र तेच बहुसंख्य आहेत. तेव्हा आपल्या विभागाचा प्रतिनिधी कोण, गेल्या वर्षी युनियनने किती मागितले, किती मिळाले आणि कपातीचं कारण काय दिलं, ही माहिती या सत्रातच काढा. ती बहुधा विद्यार्थी शासनाच्या इतिवृत्तात असते आणि मागितली की मिळते. सुनावणीच्या दिवशी आपल्या संघटनेच्या वतीने एका पानाचं निवेदन द्या. त्यात रक्कम, काम आणि पाठिंब्याचं कारण एवढंच असू द्या, आणि ते वाचून दाखवायला प्रत्यक्ष कुणीतरी जा.

आपले,
अमेरिकेतल्या विद्यार्थी चळवळींचा अभ्यास करणारे काही मराठी जन